रिकामा हॉल, बंद खिडकी

घर मोजक्या सामानाचं असावं की भरलेलं, यावर सध्या आपल्याकडे जी हमरीतुमरी चालते, तीत दोन्ही पक्ष एकच काम करताना दिसतात : वस्तू मोजण्याचं. एका बाजूला पांढऱ्या भिंती, बुटका सोफा, कोपऱ्यात एकुलती एक कुंडी आणि ‘इथे आलं की कसं शांत वाटतं’ म्हणणारी मंडळी. दुसऱ्या बाजूला ‘घर आहे की दवाखाना?’ असं विचारणारे, आणि ‘यात नवीन काय, आमच्या आजीच्या घरात एवढंच सामान होतं’ असं म्हणून वाद जिंकल्याच्या आनंदात निघून जाणारे. माझं म्हणणं असं, की घरातली शांतता सामानाच्या संख्येवर फार थोडी अवलंबून असते. ती ठरते घराच्या कडेवर. ऊन, वारा आणि पाऊस जिथे घराला येऊन भिडतात त्या खिडकीवर, छज्ज्यावर, पडवीवर, गॅलरीवर. ही कड इंटिरिअर करणारा ठरवत नसतो. तो येतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. बिल्डरने, आर्किटेक्टने आणि महापालिकेच्या नियमांनी. मग हा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा कसा राहील?

‘मिनिमल’ म्हणून सजवलेल्या, नुकताच ताबा मिळालेल्या एखाद्या टू बीएचकेत मे महिन्यात दुपारी तीन वाजता जाऊन बघा. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. तिच्यावर वीतभरही छज्जा नाही, कारण छज्ज्याने म्हणे एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं. ऊन सोसवत नाही म्हणून ब्लाइंड्स ओढलेले, ब्लाइंड्स ओढले म्हणून भर दुपारी छतातले दिवे लावलेले, आणि काचेचा मोठा भाग उघडतच नाही म्हणून एसी चालू. मुळात बेताची असलेली उंची फॉल्स सीलिंगने आणखी खाल्लेली. भिंतीवर जंगलाचा वॉलपेपर, बाल्कनीत हिरवंगार प्लास्टिकचं गवत. (या गवतावर माझा खास राग आहे. त्याच दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा, म्हणजे कळेल.) हॉल रिकामा दिसतो हे खरं, कारण सगळा संसार ड्राय बाल्कनीत कोंबलेला असतो : वॉशिंग मशीन, सिलिंडर, शिडी, कांदे-बटाटे, गणपतीच्या मखराचं सामान. ज्या एका बाजूने वारा आरपार गेला असता तीच बुजवून टाकलेली. फोटो मात्र उत्तम येतो.

तरीही कमी सामानवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. पसारा माणसाला खरोखर थकवतो, आणि हे केवळ टापटिपीच्या हौसेने म्हटलेलं नाही. लॉस एंजेलिसमधल्या साठ नोकरदार पती-पत्नींना आपापल्या घरातून फिरत घराचं वर्णन करायला सांगून, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) दिवसभर तपासणारा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या बोलण्यात पसाऱ्याचे आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे उल्लेख जास्त होते, त्यांचं कॉर्टिसॉल दिवस चढेल तसं जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नव्हतं. नवऱ्यांच्या बाबतीत तसं आढळलं नाही. आता जरा थांबून विचार करा. घर तेच, ढीग तोच, मग ताण एकालाच का? ढीग दिसल्याने ताण येत असता तर दोघांनाही यायला हवा होता. ज्याला तो आवरायचा आहे, त्याला तो दिसतो. असं असेल तर पांढरी मॅट शटर्स आणि बिनमुठीची कपाटं हा उपाय आहे, की त्याच बाईच्या डोक्यावर आणखी एक काम? हळदीचा हात लागलेलं पांढरं शटर दिवसातून दोनदा कोण पुसतं? रिकाम्या हॉलच्या फोटोत कामाला येणाऱ्या मावशी कधीच दिसत नाहीत. त्या फोटोच्या आधी येऊन गेलेल्या असतात.

पसाऱ्याचा पुरावा मानायचा तर खिडकीचाही मानावा लागतो. रॉजर उलरिच या संशोधकाने १९७२ ते १९८१ या काळात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकमेकांशी मिळतेजुळते रुग्ण निवडून त्यांच्या तेवीस जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. खोल्या सारख्याच होत्या, सामानही सारखंच. फरक कडेपलीकडे काय आहे याचा होता. अभ्यास लहान आहे आणि रुग्णालय म्हणजे घर नव्हे, हे खरं. पण वस्तू मोजणाऱ्यांच्या वादात या खिडकीला जागाच नसावी, याचं मला नवल वाटतं.

यावर कोणी म्हणेल की खरा मिनिमलिझम तर निसर्गासाठीच जन्मला. तुम्ही त्याच्या स्वस्त नकलांवर तोंडसुख घेताय. ठीक आहे, अस्सल घेऊ. वास्तुकार लुडविग मिस व्हान डेर रोह यांनी शिकागोजवळ प्लॅनो इथे फॉक्स नदीच्या काठी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेलं घर १९५१ साली पुरं झालं. पोलादाचे पांढरे खांब, जमिनीपासून दीडेक मीटर उंच तरंगणारी फरशी, चारही बाजूंनी काच, आत भिंती जवळजवळ नाहीतच. चारही दिशांना झाडं, गवत आणि नदी. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात या घराचं स्थान अढळ आहे, आणि ते सुंदर आहे याबद्दल माझी तक्रार नाही. पण उघडणाऱ्या खिडक्या होत्या दोन, त्याही बुटक्या आणि एकाच टोकाला. उन्हाळ्यात घर तापायचं, थंडीत काचांवरून पाणी ओघळायचं, रात्री दिवा लावला की परिसरातले सगळे किडे काचेला लगटायचे आणि बाहेरच्या कोणालाही आतलं सगळं दिसायचं. खर्चावरून मालकीण आणि वास्तुकार कोर्टात गेले. नदी तर १९५४, १९९६ आणि २००८ साली थेट घरात आली. फार्न्सवर्थबाईंनी तरीही ते घर सुट्टीसाठी वीसेक वर्षं वापरलं, हे त्या घराच्या बाजूने सांगायलाच हवं. १९७२ मध्ये ते विकत घेणाऱ्या पुढच्या मालकाने मात्र एसी बसवला. निसर्ग बघता यावा म्हणून बांधलेलं घर निसर्गाशी वागायचं कसं हे शिकलंच नव्हतं. सावलीसाठी त्याची सगळी भिस्त शेजारच्या एका जुन्या मेपलवर होती.

याच्या बरोबर उलट टोक ओसाकात आहे. जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांचं सुमियोशीतलं घर, १९७६ सालचं. दाट वस्तीतली अरुंद पट्टी, रस्त्याकडे काँक्रीटची कोरी भिंत. दार सोडलं तर खिडकीसुद्धा नाही. त्या पट्टीचे तीन समान भाग केले आणि मधला भाग आभाळाला उघडा ठेवला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर त्या चौकातूनच जायचं. पावसात रात्री संडासला जायचं तर छत्री घेऊन. झाड एकही दिसत नाही. पण ऊन किती वाजता कुठल्या भिंतीवर येतं, हे त्या घरातल्या माणसांना घड्याळ न बघता कळत असणार. हे घर मी तुम्हाला सुचवत नाहीये. घरात पथ्याची वडीलधारी माणसं असतील तर छत्रीची ही कविता दोन दिवसांत आटोपेल. सांगायचं एवढंच, की दोन्ही घरांत सामान मोजकं, दोन्ही घरं मिनिमलिझमची देवळं, आणि निसर्गाशी त्यांचं वागणं मात्र दोन टोकांचं. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे तिच्यावरून हा फरक कसा समजणार? जाता जाता, रिकामं म्हणजे पांढरं हेही कोणी ठरवलं कोण जाणे. मेक्सिकोचे वास्तुकार लुईस बारागान शांत घरांसाठी जगभर ओळखले जातात, आणि त्यांच्या भिंती गुलाबी, पिवळ्या नि जांभळ्या आहेत.

आता आजीच्या घराकडे वळू. ‘आमच्याकडे हे होतंच’ म्हणणाऱ्यांची बाजू निम्मी बरोबर आहे, आणि ती निम्मी फार मोलाची आहे. कोकणातल्या घराला एक कड नव्हती, कडांची मालिका होती : खळं, मग ओटा किंवा पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे परस. ऊन एकेका टप्प्यावर सौम्य होत आत यायचं. जांभ्याच्या भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, पावसाच्या तोंडाला बांधलेले नारळाचे झाप, दर वर्षीची शाकारणी. वाड्याचा चौक हेच काम देशावरच्या कोरड्या हवेत करायचा, आणि गोव्याच्या घरांत शिंपल्याच्या तावदानांतून येणारा उजेड डोळ्यांना कधी टोचला नाही. पण ही घरं रिकामी होती? कोणी सांगितलं? उतरंडी, हंडे, कणग्या, लोणच्याच्या बरण्या, माळ्यावरची अडगळ, वलणीवरचे कपडे. ओटी रिकामी दिसायची, कारण मागे कोठीची खोली होती आणि ती सांभाळणाऱ्या दोन-तीन बायका होत्या. जपानी बैठकीच्या ज्या रिकामेपणावर जग फिदा आहे, त्यामागेही खात्यापित्या घरांत कुरा असायचा : जाड मातीच्या भिंतींचं वेगळं कोठार. ऋतू बदलला की तिथून वस्तू यायच्या आणि तिथेच परत जायच्या. साठवायला जागा आणि राबायला माणसं असली की पुढची खोली कोणालाही रिकामी ठेवता येते.

आणि त्या घरांचे गुण गाताना त्यांच्यातला अंधारही सांगायला हवा. पुढची ओसरी हवेशीर, कारण तिथे पुरुष बसायचे. चुलीचा धूर, बाळंतिणीची खोली, विधवेचा कोपरा हे सगळं आतल्या काळोखात. चौकातला उजेड घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नव्हता. कडेचा प्रश्न निसर्गाइतकाच सत्तेचा असतो, आणि हे आपल्याला आजीच्या घरानेच शिकवायला हवं होतं. नेमकं तेवढं वगळून आपण बंगईचा फोटो पुढे करतो.

उलट बाजूने, साधेपणा म्हटलं की सेवाग्रामची बापूकुटी पुढे येतेच, आणि तिथेही लोक काय मोजतात? चटई, डेस्क, चरखा, कंदील. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले. ते राहिले ती कुटी मुळात त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेनची. मातीच्या भिंती, बांबू, कौलं. सगळं साहित्य जवळपासचं. वर्ध्याचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे, त्याला कळेल की तिथे चटया किती होत्या याला महत्त्व नाही. जाड मातीची भिंत, उतरतं छप्पर आणि सावलीतला ओसरीसारखा भाग, या तीन गोष्टींनी ती कुटी राहण्याजोगी केली. आणखी एक गोष्ट ‘मिनिमल’ रसिकांच्या नजरेतून सुटते. त्या भिंतींवर मीराबेनने मातीतच उठावाची नक्षी केली आहे : झाडं, मोर, ॐ, चरखा. देशातलं सगळ्यांत कडक साधं घरसुद्धा नक्षीला घाबरलं नाही. मग आपल्या दिवाणखान्यातल्या दोन फ्रेम्सनी शांतता का भंगावी?

आता ज्या आक्षेपाला मी सगळ्यात जास्त वजन देतो तो. ‘पडवी, चौक, अंगण हे जमीन असणाऱ्यांचे लाड. मुंबईत साडेचारशे फुटांत चार जण राहतात, त्यांच्यापुढे ओसरीची गाणी काय गाता? शिवाय खिडकी उघडली तर डास, डेंग्यू, धूळ, कबुतरं, लाऊडस्पीकर.’ यातला एकही शब्द खोटा नाही. अलिबागकडे ताडाच्या फळ्यांच्या झडपा लावलेली, माडांत दडलेली सुरेख घरं बांधली जातात, आणि ती शनिवार-रविवारपुरती उघडतात. तो नमुना शहराला लागू पडत नाही. पण आक्षेपाचा निष्कर्ष चुकतो. ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांनाच कडेची गरज सर्वांत जास्त असते, कारण आत पळून जायला दुसरी खोली नसते.

मुंबईला हे एकदा समजलं होतं. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारी माणसं घराघरांत शिरली, उजेड यावा म्हणून छपरं उघडली, ‘माणसांनी राहण्यास अयोग्य’ असे शिक्के भिंतींवर मारले. कारभार निर्दय होता, आणि शास्त्रही चुकीचं होतं. प्लेग अंधाराने पसरत नव्हता, उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता. पण १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्यातून साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम धरला : खिडकीपुढे इतकी मोकळी जागा हवी, की समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून या कोनात उजेड तळाच्या घरापर्यंत पोचेल. ढोबळ हिशेबाने, इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर. दादर-माटुंग्याचे जुने रस्ते आजही बरे वाटतात ते त्या काळच्या अशा आखणीमुळे, तिथल्या लोकांनी सामान कमी केल्यामुळे नव्हे. कारण चुकीचं असूनही नियम योग्य निघाला, असं क्वचित घडतं.

आणि आज? गोवंडीत लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत काही इमारतींमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. तिथल्या घरांचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला, आणि उजेड-वारा कमी असलेल्या घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसला. त्या घरांत वस्तू थोड्याच आहेत. मिनिमलिझमच्या कुठल्याही व्याख्येत ती बसतील. तिथे शांतता का नांदत नाही, हे वस्तू मोजणाऱ्यांनी सांगावं.

मध्यमवर्गाचीही गोष्ट फार वेगळी नाही. वास्तुकार चार्ल्स कोरिआ यांनी मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा ही अठ्ठावीस मजली इमारत १९८३ मध्ये पुरी केली. समुद्राचा वारा हवा तर पश्चिमेला उघडायचं, पण तिकडूनच दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा. त्यावर त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उभा रचला : कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या. श्रीमंतांची इमारत, मान्य. पण त्याच सुमारास सिडकोसाठी बेलापूरला त्यांनी जी वसाहत आखली, ती श्रीमंतांची नव्हती. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, आठ मीटरच्या चौकाभोवती सात घरं, प्रत्येक घराला आभाळाखालची स्वतःची थोडी जागा, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं. पुढे लोकांनी ती घरं पाडून, चढवून ओळखू न येण्याइतकी बदलली. टीकाकार याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. लोकांनी घरं बदलली तरी चौकांची आखणी टिकून राहिली.

गच्ची किंवा बाल्कनी बांधायची की नाही, हे शेवटी कागदावर ठरतं. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या नियमावलीत बदल झाला. बाल्कनी, फ्लॉवर बेड यांसारख्या, तोवर एफएसआयबाहेर (म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेबाहेर) राहणाऱ्या जागा हिशेबात धरल्या गेल्या आणि त्याबदली निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय, प्रीमियम घेऊन देण्यात आला. बदलाला कारण होतं, तेही खरं : फ्लॉवर बेडच्या नावाखाली बिल्डर खोल्या विकत होते आणि आपण बाल्कन्या ग्रिल लावून आनंदाने आत घेत होतो. पण परिणाम असा, की बाल्कनीचा प्रत्येक फूट आता बेडरूमच्या फुटाशी भांडतो, आणि हरतो. दुसरीकडे, केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको-निवास संहिता सांगते, की उष्ण-दमट हवेत उघडता येणारी खिडक्या-दारं घराच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावीत. साडेचारशे फुटांना पंच्याहत्तर फूट. तुमचा सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्याला हा आकडा विचारा. तो इटालियन मार्बल आणि नळांचा ब्रँड सांगेल.

सध्या मुंबई, ठाणे, पुण्यात सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे, आणि घराच्या कडा पुढच्या साठ वर्षांसाठी त्या सभांमध्ये आखल्या जाताहेत. सभासद भांडतात ते वाढीव कार्पेटसाठी, कॉर्पस फंडासाठी, पार्किंगसाठी. साहजिक आहे, पैशाचे प्रश्न आहेत. पण नव्या विंगमधलं अंतर किती, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते की आभाळात, पश्चिमेच्या काचेवर छज्जा आहे का, हे विचारायला कुणी उठलं तर मागून आवाज येतो, ‘अहो, ते आर्किटेक्ट बघेल.’ आर्किटेक्ट बिल्डरचा असतो. सोसायटीने नेमलेला प्रकल्प सल्लागार असतो, त्याची फी आपणच भरतो, आणि २१ डिसेंबर व २१ जूनच्या सावल्यांचा नकाशा काढून द्यायला त्याला संगणकावर फार वेळ लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या पुनर्विकासाच्या प्रक्रियेत विकासक नेमायला एक्कावन्न टक्के संमती लागते. ती देण्याआधी हा नकाशा सभेपुढे मागायला कोणता कायदा आड येतो?